शरीराची मेमरी: देवीच्या लसीपासून टी पेशींपर्यंत, आणि गोवर ती कशी पुसतो

(या भागाची ही लेखी आवृत्ती. बोललो तेच जवळपास ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय. बसमध्ये रेंज गेली तर वाचता येईल.)

आजचा विषय विज्ञानाचा वाटेल, पण आपण तो इतिहासाच्या रस्त्याने जाणार आहोत. प्रश्न एकच आहे. एखादा व्हायरस अंगात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला की शरीर त्याला ओळखतं कसं? आणि ही ओळख पुसली गेली तर काय होतं? या दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याला शेवटी जव्हार-मोखाड्यात यावं लागेल, साखरशेतच्या आसपासच्या पाड्यांवर. पण आधी जाऊया १८०२ च्या मुंबईत.

हाताकडून हाताकडे

१४ जून १८०२. मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. जेनरने इंग्लंडमध्ये १७९६ मध्ये प्रयोग केला होता, पण लस इथपर्यंत आणायची कशी? तेव्हा ना फ्रीज, ना बर्फाची पेटी. जहाजावर वाळवून आणलेली लस उन्हाने निकामी व्हायची. म्हणून मग माणसांची साखळी केली. एकाला टोचायचं, आठवड्याने त्याच्या हातावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचायचा. बगदाद, बसरा असं करत लस मुंबईला पोचली आणि ॲनाच्या हातावरून पुढे देशभर गेली.

म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा स्टोअर करायला जागा नव्हती, म्हणून तो सतत फॉरवर्ड करत राहायचा. एक कडी तुटली की संपलं.

पण गंमत बघा. ही लस का काम करते, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लोकांना एवढंच ठाऊक होतं की ज्याला एकदा देवी आल्या त्याला पुन्हा येत नाहीत. आपल्याकडेही हे जुनं ज्ञान होतं. चेहऱ्यावर वण असलेला माणूस देवीच्या रुग्णाजवळ बिनधास्त बसायचा. शरीर लक्षात ठेवतं, हे माहीत होतं. कुठे ठेवतं, हे माहीत नव्हतं.

६५ वर्षांची आठवण

आता थोडं लांब जाऊ. उत्तर अटलांटिक समुद्रातली फॅरो बेटं. १८४६ मध्ये तिथे गोवराची साथ आली. लोकसंख्या जेमतेम ७,८००, आणि त्यातले सुमारे ६,००० आजारी पडले! डेन्मार्क सरकारने पीटर पानुम नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला पाठवलं. हा पोरगा गावोगाव फिरला, घरोघरी विचारत बसला.

त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. साथीत तरुण पडले, मध्यमवयीन पडले, पण काही म्हातारी माणसं ठणठणीत. का? कारण बेटांवर याआधीची गोवराची साथ १७८१ मध्ये येऊन गेली होती. ज्यांना तेव्हा लहानपणी गोवर झाला होता, त्यांना ६५ वर्षांनी झाला नाही. मधल्या काळात गोवर बेटांवर फिरकलाच नव्हता, म्हणजे रिव्हिजन म्हणून पुन्हा भेट झाली असंही नाही. एक भेट, आयुष्यभराची ओळख.

महाराष्ट्रातही एक व्हायरस असाच मोठी रजा घेऊन गेला होता. चिकुनगुनिया. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, जे १९५२ मध्ये सुरू झालं आणि ज्याला आज आपण एनआयव्ही म्हणतो, तिचा अभ्यास केला. त्यानंतर हा आजार देशातून जवळपास गायब. थेट २००५-०६ मध्ये परत आला, ३२ वर्षांनी. तोवर एक अख्खी पिढी अशी वाढली होती जिच्या शरीराने या व्हायरसचं तोंडच पाहिलं नव्हतं. साथ पसरायला एवढं पुरतं. व्हायरस बाहेर फिरत असतोच, पण त्याला ओळखणारे किती उरलेत, यावर पुढचं बरंच ठरतं.

निरुपयोगी म्हणून टाकलेली ग्रंथी

आता ही आठवण नेमकी कुठे असते? याचं उत्तर सापडायला विसावं शतक निम्मं संपावं लागलं.

१९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफर्लेन बर्नेटने एक कल्पना मांडली. तोवर अनेकांना वाटायचं की जंतू येतो, शरीर त्याच्या साच्यावर हत्यार घडवतं. बर्नेट म्हणाला, उलटं आहे. हत्यारं आधीच तयार असतात, लाखो प्रकारची, आणि जंतू आल्यावर त्यातलं बसणारं निवडलं जातं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. नागलीची चांगली कणसं बघून आपण बी राखून ठेवतो. आपण दाण्याला बदलत नाही, कुठला दाणा पुढच्या वर्षी पेरायचा ते निवडतो. बर्नेटचा सिद्धांत म्हणजे हेच, फक्त शेताऐवजी रक्तात.

मग १९६१. लंडनमध्ये जॅक मिलर उंदरांवर काम करत होता. छातीत, हृदयाच्या वर, थायमस नावाची एक ग्रंथी असते. वय वाढतं तशी ती आक्रसते, म्हणून तिचा काही उपयोग नाही असं मानलं जायचं. मिलरने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ते उंदीर साध्या संसर्गांनी मरायला लागले. बाहेरची कातडी लावली तर तीही त्यांचं शरीर नाकारेना! म्हणजे 'हा आपला, हा परका' हे शिकवणारी शाळाच ही होती. थायमसमध्ये तयार होणाऱ्या पेशी म्हणून नाव पडलं टी पेशी.

चावी कशी बनते

प्रत्येक टी पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर असतो. त्याला कुलूप म्हणा, सेन्सर म्हणा. एका पेशीवर एकाच जातीचा रिसेप्टर, हजारोंच्या संख्येने. त्याचा जीन शोधायला जगभर शर्यत लागली होती. १९८४ मध्ये दोन गट एकाच वेळी पोचले: अमेरिकेत मार्क डेव्हिस आणि स्टीफन हेड्रिक, टोरांटोत टॅक माक.

जीन हातात आल्यावर जी यंत्रणा दिसली ती बघून कुठलाही प्रोग्रॅमर खूश होईल. शरीराकडे लाखो रिसेप्टरसाठी लाखो जीन नाहीत. तेवढी जागाच नाही. त्याऐवजी तुकडे आहेत. रिसेप्टरच्या एका साखळीसाठी सुमारे ५० व्ही तुकडे, २ डी आणि १३ जे. प्रत्येक पेशी यातला एकेक उचलते, मधला डीएनए कापून टाकते आणि जोडते. जोडावर काही अक्षरं चक्क रँडम घालते. मग दुसरी साखळी अशीच बनवते. अँटीबॉडीच्या जीनमध्ये हीच युक्ती सुसुमु तोनेगावाने १९७६ मध्ये दाखवली होती आणि १९८७ चं नोबेल मिळवलं होतं.

रँडम म्हटलं की बग येणारच. काही रिसेप्टर कशालाच बसत नाहीत, काही आपल्याच शरीरावर हल्ला करतील असे निघतात. म्हणून थायमसमध्ये कडक टेस्टिंग असतं. तयार होणाऱ्या शंभर पेशींतल्या ९५ हून जास्त तिथेच मरतात. उरलेल्या बाहेर पडतात. ही शाळा सगळ्यात जोरात चालते ती बालपणी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सोंग आणि सोंगाच्या आतला माणूस

टी पेशी व्हायरसला बघते कशी? अँटीबॉडी व्हायरसच्या बाहेरच्या अंगाला थेट चिकटते. टी पेशीचं तसं नाही. १९७४ मध्ये कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी दाखवलं की टी पेशी मोकळा व्हायरस बघतच नाही. आपली पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून एका ताटलीवर बाहेर मांडते, आणि टी पेशी तुकडा व ताटली दोन्ही एकत्र तपासते. १९९६ चं नोबेल या दोघांना मिळालं.

जव्हार-मोखाड्यातला बोहाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच समजेल. रात्रभर सोंगं नाचतात, तोंडावर मोठे रंगीत मुखवटे. पाहुणा मुखवटा बघतो. गावातली म्हातारी चाल बघते, पावलं बघते, आणि सांगते आत कोण आहे. अँटीबॉडी म्हणजे तो पाहुणा, टी पेशी म्हणजे ती म्हातारी. मुखवटा बदलला की पाहुणा फसतो. म्हातारीला फसवायला आतला माणूसच बदलावा लागतो, आणि व्हायरसला आतली प्रथिनं बदलणं महागात पडतं, कारण त्यांच्यावरच त्याचं पोट चालतं.

हे फक्त उदाहरण नाही, आपण ते जगलोय. ओमिक्रॉन आला तेव्हा त्याने काट्यांचं प्रथिन इतकं बदललं होतं की आधीच्या बऱ्याच अँटीबॉडी चुकल्या. लस घेतलेल्यांनाही सर्दी-ताप झाला. पण दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा टी पेशींचा ७० ते ८० टक्के प्रतिसाद शाबूत होता. आणखी एक: २००३ मध्ये ज्यांना सार्स झाला होता, त्यांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही त्याला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या, आणि त्या कोविडच्या व्हायरसचे तुकडेही ओळखत होत्या.

पुन्हा पुन्हा भेट झाली की

आता मुख्य मुद्दा. व्हायरस परत परत आला तर रिसेप्टर सुधारतो का?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. अँटीबॉडीचा जीन संसर्गाच्या वेळी मुद्दाम बदलला जातो, आणि जास्त घट्ट बसणारी आवृत्ती निवडली जाते. टी पेशीचा रिसेप्टर मात्र थायमसमधून निघाला की कायमचा. पॅच नाही, अपडेट नाही. एकेक रिसेप्टर शिकत नाही. शिकते ती गर्दी.

पहिल्या संसर्गाच्या आधी एखाद्या व्हायरसचा ठराविक तुकडा ओळखणाऱ्या पेशी लाखात एक, किंवा त्याहूनही कमी. व्हायरस आला की त्या वाढायला लागतात, आठवडाभरात हजारो पट. काम झालं की ९० ते ९५ टक्के मरतात. उरलेल्या मेमरी पेशी. दुसऱ्यांदा तोच व्हायरस आला की सुरुवातच मोठ्या आकड्याने होते, आणि पेशी आधीच गरम असतात. साधारण असं दिसतं की प्रत्येक फेरीत चांगले बसणारे क्लोन पुढे सरकतात आणि बाकीचे मागे पडतात. दरवर्षी निवडून बी राखलं की शेतात चार-पाच वाणांचंच राज्य होतं, तसं.

फ्लूमध्ये तर कमाल आहे. फ्लूच्या आतल्या एका प्रथिनाचा एक तुकडा असा आहे की ठराविक ताटली असलेल्या माणसांत, एकमेकांशी काही नातं नसताना, जवळपास सारखाच रिसेप्टर त्याच्यासाठी निवडून येतो. लॉटरी वेगवेगळी काढली आणि नंबर तोच लागला.

पण या पद्धतीचे तोटेही आहेत. तीन सांगतो.

एक, डेंग्यू. त्याचे चार प्रकार आहेत. एकदा एक झाला आणि नंतर दुसऱ्या प्रकाराचा झाला, तर दुसरा जास्त धोकादायक ठरू शकतो. मुख्य दोष अर्धवट बसणाऱ्या अँटीबॉडीला दिला जातो. पण २००३ मध्ये थायलंडच्या मुलांवरच्या अभ्यासात दिसलं की दुसऱ्या संसर्गातल्या बऱ्याच टी पेशी पहिल्या प्रकाराला जास्त घट्ट बसत होत्या. जुने क्लोन संख्येने जास्त, म्हणून तेच धावले, नवीन शत्रूला नीट बसत नसले तरी.

दोन, न जाणारा व्हायरस. सीएमव्ही नावाचा व्हायरस आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गुपचूप राहतो. अधूनमधून डोकं वर काढतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्या टी पेशी वाढतात. ज्यांना तो आहे त्यांच्या रक्तातल्या मेमरी टी पेशींपैकी सरासरी १० टक्के पेशी या एकट्यासाठी अडकलेल्या असतात. एकाच भाडेकरूने वाड्यातल्या किती खोल्या अडवाव्यात!

तीन, थकवा. व्हायरस महिनोन्‌महिने भरपूर प्रमाणात राहिला तर टी पेशी मरत नाहीत, पण काम सोडतात. हे समजून घेण्यात हैदराबादमध्ये जन्मलेल्या रफी अहमद यांचा मोठा वाटा आहे. २००६ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की पीडी-१ नावाचा ब्रेक सोडवला तर थकलेल्या पेशी पुन्हा उभ्या राहतात. हा ब्रेक शोधणारे तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, आणि कॅन्सरची नवी औषधं याच ब्रेकवर चालतात.

आणि मग येतो गोवर

आतापर्यंतच्या गोष्टीत व्हायरस मेमरीला चकवत होता. गोवर थेट मेमरीवरच बसतो.

१९०८, व्हिएन्ना. क्लेमेन्स फॉन पिर्के नावाचा डॉक्टर मुलांची टीबीची चाचणी करायचा. हातावर टोचायचं, टीबीची आधी ओळख असेल तर ती जागा लाल होते. त्याच्या लक्षात आलं की मुलाला गोवर झाला की काही काळ ही लाली येतच नाही. टीबी तर गेलेला नसायचा, शरीरालाच तो आठवत नव्हता. टी पेशी हा शब्द जन्मायच्या अर्धशतक आधीची ही नोंद आहे.

कारण सापडलं २००० नंतर. गोवराचा व्हायरस पेशीत शिरायला जो दरवाजा वापरतो, तो मेमरी टी पेशी आणि बी पेशींवर भरपूर असतो. तो त्यांनाच मारतो. शरीर गोवराशी लढून गोवराची आठवण पक्की करतं, पण बाकीच्या जुन्या आठवणींचं पुस्तक फाटतं. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या ७७ डच मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. त्यांच्या जुन्या अँटीबॉडींच्या विविधतेपैकी ११ ते ७३ टक्के भाग गायब होता. याला रोगप्रतिकाराचा स्मृतिभ्रंश म्हणता येईल. आधी झालेला न्यूमोनिया, जुलाब, सगळ्यांची ओळख पुन्हा नव्याने करून घ्यायची. आणि तो अभ्यासक्रम पुन्हा शिकताना मूल मरू शकतं.

पानुमने म्हाताऱ्यांमध्ये पाहिलेली ६५ वर्षांची आठवण आणि पिर्केने मुलांमध्ये पाहिलेला विसर. दोन्ही एकाच आजाराने दाखवलं.

जव्हार-मोखाडा

आता मी आपल्याकडे येतो.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी देशभर गाजलं. पालघर जिल्हा तेव्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला; तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा. शंभरहून जास्त मुलं गेल्याच्या बातम्या आल्या. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत. २०१६ मध्ये मोखाड्याचं नाव पुन्हा त्याच कारणाने पेपरात आलं. आपण या सगळ्याला एकच शब्द वापरतो: कुपोषण. मला आज त्या शब्दाच्या आत काय चालतं ते सांगायचंय.

थायमस आठवतेय ना? उपासमारीत जे अवयव सगळ्यात आधी आक्रसतात त्यात ही ग्रंथी आहे. हे डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून दिसत होतं, पण ग्रंथीचा उपयोगच माहीत नव्हता, त्यामुळे अर्थ लागत नव्हता. मिलरच्या प्रयोगानंतर अर्थ लागला. मुलाच्या पोटात अन्न नाही म्हणजे नवीन टी पेशी घडवणारी शाळा अर्धी बंद. नवे रिसेप्टर कमी, म्हणजे अजून न भेटलेल्या जंतूला ओळखणारे कमी.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात याचा फार मोठा पुरावा आहे. तिथेही पावसाळा म्हणजे कामाचा आणि उपासमारीचा काळ. कोठार रिकामं, शेतात राबणं चालू. आपल्याकडचा आषाढ-श्रावण आठवा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्या काळात जन्मलेली मुलं मोठी झाल्यावर, म्हणजे पंधरा वर्षांनंतर, इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात मरत होती. पुढे सोनोग्राफीत कळलं की उपासाच्या महिन्यांत तिथल्या बाळांची थायमस लहान असते.

आता हे दोन्ही एकत्र ठेवा. भूक नवीन पेशी घडू देत नाही. गोवर जुन्या पेशी मारतो. ज्या पाड्यावर दोन्ही आहेत, तिथल्या मुलाकडे ना नवा साठा, ना जुना. मग ते मूल कागदोपत्री जातं न्यूमोनियाने किंवा जुलाबाने, आणि महिन्यापूर्वी येऊन गेलेल्या गोवराचं नाव कुठेच लागत नाही.

'आदिवासी मुलं मुळातच अशक्त' असं बोलणारे लोक तुम्हालाही भेटले असतील. मुळात असं काही नाही. व्ही, डी, जेचे तुकडे साखरशेतच्या मुलाकडे तेवढेच आहेत जेवढे दादरच्या मुलाकडे. फरक ताटात आहे आणि लसीच्या तारखेत आहे.

लस खऱ्या गोवरासारखी मेमरी पुसत नाही. म्हणून गोवराची लस एका आजाराची लस असली तरी राखण सगळ्यांची करते. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. पण दिवाळीनंतर अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेलेला असतो. मूल आईबरोबर भट्टीवर, कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत, आशाताई रिकाम्या घरांपुढे. गोवर थांबवायला १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस लागतात. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, मग भिवंडी-मालेगावला गोवर भडकला तेव्हा हेच झालं होतं: कोविडच्या काळात डोस राहिलेली मुलं एकत्र आली होती. भिवंडीतला गोवर एका एसटीने जव्हारला येऊ शकतो.

१८०२ मध्ये लस माणसांच्या हातावरून आली, एक कडी तुटली की संपायची. आज फ्रीज आहे, बर्फाची पेटी आहे, पण शेवटचे चार किलोमीटर अजूनही माणसाच्या पायावरच आहेत. तिथली कडी आपण जोडू शकतो. तुमच्या ओळखीत कामासाठी बाहेर जाणारं कुटुंब असेल तर एक करा: मुलाच्या लसीकरण कार्डाचा फोटो काढून त्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि सांगा की जिथे असतील तिथल्या सरकारी केंद्रात हा डोस फुकट मिळतो. गाव कुठलंही असो.

पुढच्या भागात बार्शीची १९७३ ची साथ सविस्तर घेऊ. बार्शीकडचे कुणी ऐकत असाल आणि घरातल्या मोठ्यांना ते दिवस आठवत असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटूया!